थर्झाचा उपाशी गहू

माझी नणंद थर्झा एंडाकॉट हिच्याबद्दल आमच्या ब्रिमलकोम गावात दोन मतं कधीच नव्हती. ती हट्टी आहे, हे एकच मत होतं, आणि ते पबमध्ये, चर्चच्या पायरीवर, गुरांच्या बाजारात, सगळीकडे सारखंच ऐकू यायचं. मी तिच्या भावाची बायको. अंगण एक, दारं दोन, अशी आम्ही जन्मभर राहिलो, तेव्हा मलाही बोलायचा हक्क आहे. हट्टी तर ती होतीच. पण तिचं म्हणणं बरोबर निघायचं, आणि ते लोकांना जास्त झोंबायचं.

दिसायला म्हणाल तर उंच, हाडकुळी, चेहरा उन्हावाऱ्याने रापलेला. पायात बापाचे बूट, डोक्यावर बापाचीच टोपी. लग्न केलं नाही. तरुणपणी क्रेडिटन गावचा एक चांगला शेतकरी तिच्याकडे यायचा. दोन-तीन रविवार चहा-केक झाला. मग एकदा तो म्हणाला, लग्नानंतर ते वरचं शेत नांगरून तिथे भरपूर दाण्याचा नवा गहू घालू. थर्झाने त्याचा चहा संपू दिला आणि मग त्याची टोपी आणून त्याच्या हातात दिली. बिचाऱ्याला वाटलं पाऊस येतोय म्हणून दिली.

ते वरचं शेत म्हणजे तिचा जीव. आमच्या डेव्हनमध्ये निम्म्या गावावर गव्हाच्या काडाची छपरं आहेत. त्या शाकारणीसाठी जुना उंच गहू लागतो, आपल्या खांद्याला लागेल एवढा. काड जाड सालीचं, कडक, मेणचट हवं, म्हणजे त्यावरून पाणी निथळून जातं आणि छप्पर तीस वर्षं टिकतं. आणि असं काड हवं असेल तर त्या गव्हाला अर्धपोटी ठेवावं लागतं. नत्राचं खत घातलं की तो भराभरा वाढतो, हिरवागार होतो, काडाची साल पातळ पडते, वरचं डोकं जड होतं आणि एका वादळात सगळं पीक जमिनीवर लोळतं. असं काड छपरावर चढवलं तर पाच-सहा वर्षांत काळं पडून कुजतं. थर्झा म्हणायची, "हा गहू माझ्यासारखा आहे. लाड केले की बिघडतो."

माझ्या नवऱ्याचा, विल्फचा, गहू नेमका उलट. तेव्हा सत्तरच्या दशकात गुडघ्याच्या जरा वर येणारे बुटके वाण आमच्याकडे नुकते पसरत होते. त्यांना कितीही नत्र घाला, उंची वाढत नाही. सगळं ओंबीत उतरतं, आणि देठ आखूड असल्यामुळे वादळातही उभे राहतात. विल्फला आपल्या बापाच्या दुप्पट गहू व्हायचा. खोटं कशाला बोलू, माझ्या स्वयंपाकघरातली नवी चूल त्या खताच्या पोत्यांतूनच आली होती आणि मी त्या चुलीवर खूश होते.

पण दोन शेतांच्या मध्ये फक्त एक कुंपण होतं, आणि रस्ता वरून जात होता. एप्रिलमध्ये रस्त्यावरून खाली पाहिलं की इकडे विल्फचं शेत गडद हिरवं आणि तिकडे थर्झाचं कावीळ झाल्यासारखं फिकट. विल्फला ते डोळ्यांत खुपायचं. रस्त्याने जाणाऱ्याला काय माहीत कुंपणाच्या अलीकडचं कोणाचं आणि पलीकडचं कोणाचं? एंडाकॉटचं शेत म्हणूनच बघणार ना!

रविवारी दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवायचो. भाजलेलं मटण, बटाटे, आणि तोंडी लावायला हा वाद.

"अगं, एक पोतं. फक्त एक पोतं टाकून बघ," विल्फ म्हणायचा. "उपाशी मारतेस त्याला."

"तुझा गहू खातो आणि उभा राहतो," थर्झा म्हणायची. "माझा खातो आणि आडवा होतो. जेवल्यावर तू होतोस तसा."

"दाणा किती होतो तुझा? कोंबड्यांना तरी पुरतो का?"

"दाणा कोणाला हवाय? दाणे घालून छपरं शाकारतोस का तू?"

मी म्हणायची, मटण थंड होतंय. या घरात माझं तेवढंच ऐकलं जायचं.

आता या सगळ्यामागे एक शब्द होता. माझ्या सासऱ्यांनी मरताना शेतं वाटून दिली, तेव्हा वरच्या शेतावरून दोघं भावंडं हमरीतुमरीवर आली. म्हाताऱ्याने दोघांना पलंगाजवळ बोलावलं आणि सांगितलं, "जोवर या शेताचं काड छपरावर चढतंय तोवर ते थर्झाचं. ज्या वर्षी शाकारणारा तिचं काड नको म्हणेल, त्या वर्षापासून विल्फचं." दोघांनी मान डोलावली. शाकारणारा म्हणजे रूबेन टॅपस्कॉट, आमच्या चार गावांतली सगळी छपरं त्याच्याच हातची. काडाच्या बाबतीत तो सख्ख्या आईचीही भीड ठेवायचा नाही. त्याने नको म्हटलं की नको. तेव्हापासून दर वर्षी तो यायचा, थर्झाचं काड चाचपायचा, हं म्हणायचा आणि गाडीत भरून न्यायचा. शेत थर्झाकडे राहायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये थर्झाच्या पित्ताशयात खडे निघाले. एक्झिटरच्या हॉस्पिटलात पोट फाडावं लागलं, जखम चिघळली, आणि ती तिथेच अडकली. आमच्यासारख्या लोकांना हॉस्पिटल म्हणजे मरायची जागा वाटते. तिच्या घरच्या कोंबड्या मी बघत होते, तिची मांजर बघत होते, आणि मध्ये मध्ये बस धरून एकटीच तिच्याकडेही जात होते. विल्फ काही आला नाही. शेताचं काही बघायचं नव्हतंच. त्या गव्हाला वसंतात काही करायचं नसतं, हीच तर त्याची खासियत.

एक दिवस मी एक्झिटरहून परत आले तर विल्फ दारात उभा. गालांवर लाली, हात धुतलेले, हसतोय. लग्नाच्या दिवशीही एवढा खूश नव्हता.

"थर्झाला सांगू नकोस हं," तो म्हणाला. "आल्यावर बघेल."

"काय बघेल?"

"माझ्या शेतात खत फेकून झालं. यंत्रात बरंच उरलं होतं. मग म्हटलं, ती नाहीच आहे तर तिच्यातही फिरवून घेऊ. पोतीपण आणखी फोडली. कंजुषी केली नाही मी!"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "विल्फ, तू काय करून ठेवलंस हे तुला कळतंय का?"

"अगं, पिवळा पडला होता तो. बघवत नव्हतं मला!"

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. मोटार दुरुस्त करणाऱ्याकडून नाही, पाद्र्याकडून नाही. फिकट गहू बघून ज्याला राहवत नाही अशा माणसाकडूनच ती होते. गावात मात्र वेगळंच सुरू झालं. पबमध्ये लोक एकमेकांना कोपर मारून म्हणू लागले, विल्फ एंडाकॉट दिसतो तेवढा भोळा नाही, बहीण हॉस्पिटलात असताना शेत काढून घेतलं पठ्ठ्याने.

थर्झाला मी एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या मोटारीतून घरी आणलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? वरच्या वळणावर आलो आणि खाली तिचं शेत दिसलं. विल्फच्या शेताइतकंच हिरवं, मध्ये कुंपण आहे म्हणून फरक कळायचा.

"थांबवा," ती म्हणाली.

एका हाताने टाके दाबून धरत ती फाटकातून आत गेली. एक रोप उपटलं, अंगठ्याच्या नखाने त्याचा देठ खालपासून चिरला आणि डोळ्यांजवळ धरला. गव्हाची ओंबी जन्माला येते तेव्हा मुळाशी, जमिनीलगत असते, मुंगीएवढी. मग देठ कांडी धरतो आणि तिला वर वर नेतो. थर्झा ती मुंगी शोधत होती.

"कोणी?" तिने विचारलं.

"विल्फने."

"मुद्दाम?"

"मुद्दाम करण्याएवढी अक्कल असती तर मी सुखात असते," मी म्हटलं.

ती हसली नाही. हसली तर टाके दुखत असतील म्हणून मी मनाची समजूत घातली. पबमधलं बोलणं शेजाऱ्याने तिला पुढे मोटारीतच सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी विल्फ तिच्या स्वयंपाकघरात आला तो शाबासकी घ्यायलाच. "पाहिलंस? कसा उठलाय बघ!"

"शेत हवं होतं तर तोंडाने मागायचं," थर्झा म्हणाली.

विल्फचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं आणि तो लालबुंद झाला. "मी शेतासाठी केलं म्हणतेस?"

"गाव म्हणतंय."

"आणि तू?"

थर्झा किटली चुलीवर ठेवायला वळली. तिने तेव्हा पाठ फिरवायला नको होती, हे माझं आजही मत आहे. विल्फने टोपी टेबलावर आपटली. "बरं, तर मग तसंच! बाबांचा शब्द आहे ना? रूबेन काय म्हणतो बघू. नको म्हणाला तर शेत माझं, आणि मी ते नांगरणार!"

दार आपटून तो गेला. मला दोघांच्याही थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

थर्झाने मात्र चहा ओतला. तिचा आवाज ठणठणीत होता. "मॅव्हिस, टेकडीवरच्या त्या मेंढ्या कोणाच्या गं?"

"माझ्या," मी म्हटलं. आणि त्या माझ्याच होत्या. माझ्या बापाने लग्नात कळप दिला होता, त्याचीच ही पिलावळ. विल्फच्या गाई, माझ्या मेंढ्या, हा आमच्या घरातला नियम.

"उद्या त्या माझ्या गव्हात घाल."

मी तिच्या कपाळाला हात लावला. मला वाटलं ताप चढला. ती म्हणाली, "वेडी नाही झाले मी. ओंबी अजून खाली आहे, मेंढीच्या दाताला लागत नाही. आणखी थोडे दिवस गेले की वर येईल, मग संपलं. विल्फचं खत आत्ता पानात आहे. पान खाल्लं की खत गेलं. आजोबा करायचे असं, थंडी कमी पडून गहू माजला की."

"आणि लेंड्या? त्यांतून परत खतच पडणार ना शेतात?"

"म्हणून संध्याकाळी बाहेर काढायच्या. रात्री टेकडीवर बसवायच्या. मेंढी दिवसा खाते आणि रात्री टाकते. टेकडीला देऊ दे विल्फचा माल."

मला तिचं पटलं की नाही हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पण गाव माझ्या नवऱ्याला चोर म्हणत होतं, नवरा स्वतःच चोरासारखं बोलून गेला होता, आणि कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. माझ्याकडे मेंढ्या होत्या.

सकाळी मी फाटक उघडलं. जत्रेत शिरावं तशा माझ्या मेंढ्या कोकरांसकट त्या हिरव्या गव्हात शिरल्या. बातमी दुधाच्या गाडीबरोबर गावात पोचली असणार, कारण न्याहारी संपायच्या आत कुंपणाला माणसं लागली. चांगला उभा गहू मेंढ्यांना चारणं! आमच्याकडे एखाद्याने चर्चमध्ये शिट्टी वाजवली तरी चालेल, पण हे नाही. एकजण ओरडला, "थर्झा, हॉस्पिटलात पित्ताशयाबरोबर डोकंपण काढलं काय गं?"

थर्झा एका उलट्या बादलीवर बसली होती, हातात काठी, टाक्यांवर उशी बांधलेली. "डोकं आहे," ती ओरडली. "तुझ्याकडे नसेल तर उसनं देते. आणि कुंपणावर रेलू नकोस, ते तुझ्या बापाने नाही बांधलं!"

लोक हसले. दुसऱ्याने विचारलं, "यंदा छपरं लोकरीने शाकारणार का?"

"तुझं घर आधी शाकारते. आत तशीही मेंढीच राहते."

मग विल्फ आला. तो कुंपणापाशी थांबला नाही, सरळ आत आला, माझ्यापुढे उभा राहिला. एवढ्या लोकांसमोर त्याने माझ्यावर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. "मॅव्हिस, मेंढ्या बाहेर काढ!"

"मेंढ्या माझ्या आहेत," मी म्हटलं.

"पीक खातायत त्या!"

"तुझं खत खातायत. महाग माल आहे, वाया जाऊ नये म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. तो परत गेला. घरी त्या रात्री आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही दोघं फक्त मीठ दे, दार लाव, एवढंच बोललो. मला पश्चात्ताप झाला का? नाही झाला. त्याला हजारदा ताटात वाढलं होतं मी, एकदा त्याच्या वाटेत उभी राहिले तर काय आभाळ कोसळणार होतं.

थर्झा रोज त्या बादलीवर बसायची. संध्याकाळ झाली की आम्ही दोघी मेंढ्या टेकडीवर हाकायचो. ती मध्येच थांबायची, टाके धरायची, मी काही म्हणायच्या आत चालू लागायची. रोज ती रोप उपटायची आणि नखाने चिरायची. एका सकाळी तिने चिरलं आणि म्हणाली, "बस. आता काढ." शेत तेव्हा हजामत केल्यासारखं दिसत होतं. खालचा कोपरा तेवढा दाट राहिला होता. तिथे विल्फने यंत्र वळवलं होतं, खत दुबार पडलं होतं, आणि ओल असल्यामुळे मेंढ्या तिथे रमत नव्हत्या.

मे महिन्यात गहू पुन्हा उठला. फिकट उठला. थर्झा मला हाताला धरून घेऊन गेली आणि म्हणाली, "बघ, कसा छान पिवळा आहे." त्या पिवळेपणाकडे बघून एखाद्या बाईला इतका आनंद होतो हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. कोपरा मात्र काळपट हिरवा राहिला, आणि बाकीच्या शेतापेक्षा वीतभर उंच झाला.

जुलैमध्ये वादळ आलं. गडगडाट, आडवा पाऊस. सकाळी आम्ही सगळे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतो. विल्फचा बुटका गहू ताठ उभा, अंग झाडून घेतल्यासारखा. थर्झाचं शेत वाकलं होतं, हललं होतं, पण उन्हं आल्यावर उठलं. कोपरा उठला नाही. तो सगळा जमिनीला चिकटून पडला, एकावर एक, गाई बसून गेल्यासारखा.

ऑगस्टमध्ये तिने कापता कापता पेंढ्या बांधणाऱ्या जुन्या यंत्राने गहू कापला, पेंढ्या उभ्या करून वाळवल्या, आणि गंजी रचताना कोपऱ्याची गंजी वेगळी रचली. मी विचारलं, वेगळी कशाला? ती म्हणाली, कारण ती वेगळी आहे.

मळणी ऑक्टोबरच्या शेवटी झाली. आमच्याकडे मळणीला सगळ्यांनी यायचं असतं, भांडण असो नसो. शाकारणीच्या काडाची मळणी निराळी, त्यात यंत्राला एक फणी लावलेली असते, ती काड न मोडता विंचरून दाणे तेवढे काढते. ते यंत्र फिरवायला लागायचा विल्फचा ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर आला म्हणजे विल्फ आला. एप्रिलनंतर तो बहिणीच्या कामाला पहिल्यांदाच हात लावत होता. कोणाशी न बोलता त्याने पट्टा चढवला. शेजारची माणसं होती, त्यांतली बरीचशी कुंपणावर रेलणारीच.

रूबेन टॅपस्कॉट आला तेव्हा पहिली गंजी मळून झाली होती. ठेंगणा, वाकडे पाय, जन्मभर शिडीवर काढलेला. त्याने कोणाला नमस्कार केला नाही. एक पेंढी सोडली, मूठभर काड घेतलं, बुडाशी बोटांनी दाबलं, अंगठ्यावर वाकवलं, एक काडी दातांत धरली आणि चावली. ट्रॅक्टर बंद होता. त्या काडीचा कडकन आवाज मला ऐकू आला.

"मेंढ्यांनी खाल्लेलं हेच ना?" त्याने विचारलं.

"हेच," थर्झा म्हणाली.

"जरा आखूड आहे." त्याने आणखी एक काडी मोडली. "पण खिळ्यासारखं आहे. घेतो."

कोणीतरी श्वास सोडला. बहुतेक मीच. मग त्याची नजर वेगळ्या रचलेल्या पेंढ्यांकडे गेली. त्याने तिथलं काड दाबलं, तर ते बोटांत चपटं झालं. वाकवलं, तर आवाजच नाही. मग त्याने आयुष्यात कधी केली नसेल अशी गोष्ट केली. तो हळू आवाजात म्हणाला, "थर्झा, हे आतल्या थराला चालवून घेऊ. वरून दिसणार नाही कोणाला. सगळं मिळून घेतलं म्हणतो, म्हणजे विषय मिटला."

विल्फ ट्रॅक्टरपाशी उभा होता आणि हातांवरचं ग्रीस पुसत होता. थर्झाने फक्त बरं म्हणायचं होतं. एक शब्द, आणि शेत तिचं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं पोरी, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"पावसाला कळेल. माझ्या काडाखाली कुजकं काड नको. तुझ्या तोंडून हेच ऐकायचं असतं तर मी दुसऱ्या कोणालाही बोलावलं असतं, रूबेन. शाकारणाऱ्यासारखं सांग. हे घेतोस की नाही?"

रूबेनचे कान लाल झाले. "नाही," तो म्हणाला. "हे घेत नाही. हे गुरांखालीच घालावं."

सगळ्यांनी विल्फकडे पाहिलं. शब्द त्याने पण ऐकला होता: ज्या वर्षी शाकारणारा नको म्हणेल. तो काही बोलायच्या आत थर्झाने पेंढ्या उचलायचा लांब दांड्याचा काटा घेतला, त्या मऊ काडाची पहिली पेंढी उचलली आणि थेट भावाच्या पायांपाशी फेकली. मग दुसरी. मग तिसरी. पोटावर एवढा मोठा व्रण, आणि ती त्या पेंढ्या फेकत होती.

"हे तुझं," ती म्हणाली. "खत तुझं, हात तुझा, मग काडही तुझं. रूबेनने आज विल्फ एंडाकॉटचं काड नाकारलंय, सगळ्यांनी ऐकलं. माझं त्याने घेतलं. ने हे, गाईंखाली घाल."

रूबेन आधी हसला. खोकल्यासारखं हसला, आणि मग सगळं अंगण हसायला लागलं, कुंपणावर रेलणाऱ्यांसकट. मीही हसले, आणि नवऱ्याचा चेहरा बघून थांबले.

विल्फ खाली वाकला. त्याने एक पेंढी उचलली, काडात बोटं घातली, दाबून बघितलं. मग ती खाली ठेवली.

"शेत ठेव," तो म्हणाला.

"ठेवणारच होते."

"मी शेतासाठी नव्हतं केलं, थर्झा." त्याचा आवाज असा निघाला की लोक हसायचे थांबले. "तू तिकडे पडली होतीस. मला काय करावं कळत नव्हतं. तुझा गहू दिसत होता रोज, तसा फिकट. म्हटलं, एवढं तरी करू तुझ्यासाठी."

थर्झाने काटा जमिनीत रोवला आणि त्यावर भार दिला. तिचा सगळा ताठा, जो मी इतकी वर्षं पाहत आले होते, तो तसाच होता, फक्त डोळे भरले होते आणि ते तिने पुसले नाहीत.

"भेटायला यायचं होतंस," ती म्हणाली.

विल्फने मान खाली घातली. "मला त्या जागेची भीती वाटते गं."

"मलाही वाटत होती," थर्झा म्हणाली.